अधिक दोनदा की गुणिले दोनदा

कराडात घरोघरी जाऊन पोस्टाच्या बचत योजनांचं काम करताना मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "ताई, किती टक्के?" प्रश्न रास्तच आहे. कष्टाचा पैसा आहे, विचारलंच पाहिजे. पण त्याच्या जोडीचा प्रश्न फार थोडी माणसं विचारतात. आलेलं व्याज जातं कुठे? आपल्या हातात येतं की मुद्दलात मिसळतं? दहा-वीस वर्षांचा विचार करायचा असेल तर टक्क्यातल्या पाव-अर्ध्याच्या फरकापेक्षा या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कितीतरी जास्त पैसे देऊन जातं किंवा घेऊन जातं, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या पिशवीत पावतीपुस्तकाबरोबर कॅसिओचा साधा कॅल्क्युलेटर असतो. कुणी बसायला सांगितलं आणि वेळ असला की मी तो पुढे करते आणि बटणं समोरच्यालाच दाबायला सांगते. आधी ७५००, मग अधिकचं बटण दोनदा, मग १०००००, आणि बरोबर. पडद्यावर १०७५०० येतात. आता फक्त बरोबर दाबत राहायचं. ११५०००, १२२५००, १३००००. एक लाख रुपये साडेसात टक्क्यांनी ठेवले आणि दर वर्षीचं व्याज वेगळं काढून घेतलं, तर मूळ लाख आणि तोवर हाती आलेलं व्याज यांची बेरीज अशी वाढते. एकदा बरोबर दाबलं म्हणजे एक वर्ष.

मग सगळं पुसायचं आणि १.०७५ दाबायचं. या वेळी गुणिलेचं बटण दोनदा, पुन्हा १०००००, आणि बरोबर. पुन्हा तेच १०७५००. दुसऱ्यांदा बरोबर दाबलं की ११५५६२.५. इथे समोरचा माणूस बहुतेक वेळा मान वर करून बघतो, कारण फरक अगदीच किरकोळ असतो. साडेपाचशेच्या वर थोडे. हे ५६२ रुपये ५० पैसे आले कुठून? पहिल्या वर्षीच्या ७५०० रुपयांवरचं ते साडेसात टक्के व्याज. व्याजाला झालेलं व्याज. शाळेत सरळव्याज आणि चक्रवाढव्याज म्हणून दोन वेगळी प्रकरणं शिकवली, मुद्दल, मुदत, द.सा.द.शे., रास असे शब्द घोकून घेतले. यंत्रावर बघितलं तर त्यातला फरक एका बटणाचा आहे.

मी म्हणते, थांबू नका, दाबत राहा. पाचव्या वर्षी एकीकडे १,३७,५०० आणि दुसरीकडे १,४३,५६३. सहा हजारांचा फरक. दहाव्या वर्षी १,७५,००० आणि २,०६,१०३. विसाव्या वर्षी २,५०,००० आणि ४,२४,७८५. तिसाव्या वर्षी ३,२५,००० आणि ८,७५,४९६. कुणी चाळीसपर्यंत गेलंच तर एका बाजूला चार लाख आणि दुसऱ्या बाजूला अठरा लाख चार हजार. शेवटच्या दहा वर्षांत सव्वानऊ लाखांच्या वर भर पडली. आधीच्या तीस वर्षांत मिळून पावणेआठ लाखांची पडली होती.

आलेख काढला तर पहिली पाच वर्षं दोन्ही रेषा जवळजवळ चिकटून चालतात. सगळी गोम इथेच आहे. आपल्याकडच्या बहुतेक योजना पाच वर्षांच्या, आणि पाच वर्षांनी मुदत भरली की माणूस पैसे काढतो. म्हणजे रेषा वळायला लागते तेव्हाच खातं बंद होतं. मग "चक्रवाढ म्हणतात, पण काही फार मिळत नाही हो" हे ऐकायला येतं. ते खोटं नाही. पाच वर्षांत फार मिळतच नाही.

मी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट आहे, म्हणजे आरडीचे, दरमहा ठरलेली रक्कम भरायच्या आवर्ती ठेवीचे, हप्ते गोळा करणं हे माझं मुख्य काम. तेव्हा आरडीचाच हिशोब मांडते. महिना एक हजार, मुदत पाच वर्षं, हे लिहिते आहे तेव्हाचा दर ६.७ टक्के, आणि व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिसळतं. भरलेले साठ हजार, मिळणार ७१,३६६. व्याज ११,३६६. हेच सरळव्याजाने मोजलं तर १०,२१८ होतात. म्हणजे पाच वर्षं न चुकता हप्ते भरून चक्रवाढीने दिलं काय, तर साडेअकराशे रुपये. पण पोस्टाची आरडी पुढे आणखी पाच वर्षं वाढवता येते, जुन्याच दराने. तोच हजाराचा हप्ता चालू ठेवला तर दहा वर्षांनी १,७०,८५४ होतात. भरलेले एक लाख वीस हजार वजा केले की व्याज ५०,८५४. त्यातलं पहिल्या पाच वर्षांचं ११,३६६ बाजूला काढा. दुसऱ्या पाच वर्षांचं व्याज ३९,४८८ रुपये. हप्ता तोच, दर तोच, व्याज जवळजवळ साडेतीन पट. याचं कारण इतकंच की दुसऱ्या पाच वर्षांत हजाराच्या हप्त्यांबरोबर आधीचे एकाहत्तर हजारही कामाला लागलेले असतात.

एक उदाहरण मुद्दाम सांगते, कारण सरळ वाढ म्हणजे काय हे त्यांच्या पासबुकावर अगदी स्वच्छ दिसलं. आमच्या भागातल्या एक वहिनी, अंगणवाडीत काम करतात. नवरा गेल्यावर विम्याचे पैसे आले ते त्यांनी मासिक उत्पन्न योजनेत ठेवले, एका नावावर जास्तीत जास्त ठेवता येतात तेवढे, नऊ लाख. दर ७.४ टक्के, म्हणून महिन्याला ५,५५० रुपये बचत खात्यात जमा. पासबुक उघडलं तर पानभर ५५५०, ५५५०, ५५५०. त्यांनी मला विचारलं, "ताई, किसान विकास पत्राला साडेसात आणि याला सात पॉइंट चार. पाव टक्क्याचाही फरक नाही. मग दरमहा येणारे पैसे मी का सोडू?"

मी म्हटलं, सोडू नका. घरात मिळवती माणसं कमी झाली की दरमहा ठरलेले पैसे येणं ही फार मोठी गोष्ट असते. चक्रवाढीचं कौतुक करताना हे विसरलेलं मला चालत नाही. ज्याला घर चालवायला पैसे लागतात त्याला तीस वर्षांनंतरचा आकडा दाखवून उपयोग काय? पण त्यांचं अंगणवाडीच्या मानधनात आणि मुलाच्या पार्ट टाइम पगारात भागत होतं, आणि व्याज बचत खात्यात चार टक्क्यांवर पडून राहत होतं. म्हणून आम्ही एवढंच केलं: तेवढ्याच रकमेची, ५,५५० ची, आरडी उघडली आणि हप्ता बचत खात्यातून परस्पर जाईल अशी सोय करून घेतली. व्याज सगळं खर्च झालं असतं तर पाच वर्षांत हातून ३,३३,००० गेले असते. तेच पैसे आरडीत गेले तर होतात ३,९६,०८०, आणि नऊ लाख जागेवर. त्रेसष्ट हजार रुपये जास्त, खिशातून एक रुपयाही वेगळा न घालता. अडचण आलीच तर व्याज थांबत नाही, थांबतो तो आरडीचा हप्ता.

यातलं आणखी एक बारीक कलम आहे. मासिक उत्पन्न योजनेचं किंवा ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज उचललं नाही, तसंच पडू दिलं, तर त्या पडून राहिलेल्या व्याजावर व्याज मिळत नाही. कितीतरी आजी-आजोबा "राहू दे पोस्टात, वाढतंय ना" म्हणून स्वस्थ बसतात. ते वाढत नाही. निदान बचत खात्यात वळतं करून घ्या, म्हणजे चार टक्के तरी मिळतील.

वाढत असते ती महागाई, आणि ती गुणिल्याने वाढते. या वर्षीची भाववाढ गेल्या वर्षीच्या वाढलेल्या भावावर लागते. केंद्र सरकारने रिझर्व्ह बँकेला ठरवून दिलेलं उद्दिष्ट चार टक्के, वर-खाली दोन टक्क्यांची मुभा. चार टक्क्यांनी महागाई वाढली तर आजच्या ५,५५० रुपयांची किंमत दहा वर्षांनी आजच्या ३,७५० इतकी उरते. सहा टक्क्यांनी वाढली तर ३,१०० इतकी. पासबुकावर मात्र प्रत्येक ओळीत ५५५० च छापलेले असतात. सरळ रेषेत येणारं उत्पन्न आणि वळत वर जाणारा खर्च, या दोन रेषा कधीतरी एकमेकींना छेदणारच. निवृत्त माणसाच्या बाबतीत त्या नेमक्या औषधपाण्याचा खर्च वाढतो त्या वयात छेदतात. याची मला मनापासून काळजी वाटते, आणि म्हणूनच एकरकमी आलेला सगळाच्या सगळा पैसा मासिक व्याजाला लावू नका, थोडा तरी मिसळत ठेवा, असं मी सांगत असते.

किती वर्षांत दुप्पट होतील हे तोंडी काढायची युक्ती बऱ्याच जणांना माहीत आहे: बहात्तरला दराने भागायचं. ही युक्ती निदान पाचशे वर्षं जुनी आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली छापलेल्या ग्रंथात ती दिली होती. मला तिची पडताळणी किसान विकास पत्रावर करायला फार आवडते, कारण ही योजनाच मुळी दुप्पट करून देणारी आहे. आता दर साडेसात टक्के. बहात्तरला साडेसातने भागा, ९.६ वर्षं येतात, म्हणजे ११५ महिने. पत्रावरही ११५ महिनेच आहेत. १९८८ साली हे पत्र पहिल्यांदा आलं तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट व्हायचे. जुनी माणसं अजून तेच डोक्यात धरून असतात. २०११ मध्ये ते बंद झालं, २०१४ मध्ये परत आलं तेव्हा १०० महिने लागायचे, २०२० मध्ये १२४ महिने झाले. त्या वेळी दर ६.९ होता. साडेसात आणि ६.९, फरक अर्ध्या टक्क्याच्या किंचित वर, पण दुप्पट व्हायला नऊ महिने जास्त.

हेच बहात्तर कर्जाला लावून बघा. बाजारात हातउसने महिना शेकडा तीनने मिळतात, कधी पाचनेही. तीनने धरलं आणि व्याज थकत गेलं, थकलेलं व्याज दर महिन्याला मुद्दलात धरलं, तर बहात्तर भागिले तीन म्हणजे चोवीस महिने. दोन वर्षांत दहा हजारांचे वीस हजार. पाच वर्षांत ५८,९१६. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता, आणि मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही तो मानला होता: सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही. गणिताच्या भाषेत बोलायचं तर वळत वर जाणारी रेषा दुपटीवर छाटून टाकायची. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला त्या रेषेचं पुढे काय होतं ते चांगलं ठाऊक असणार. तरी व्यवहारात जुनं व्याज मुद्दलात घालून नवं खत, म्हणजे कर्जाचा कागद, लिहून घेतलं की हिशोब परत पहिल्यापासून सुरू. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, आणि पुढे गावोगाव हे लोण पसरलं. लोकांचा रोख सगळ्यात जास्त खतं-रोख्यांवर होता, ती हिसकावून घेऊन जाळली गेली. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासून हिशोब तपासायची मुभा दिली. आज क्रेडिट कार्डाच्या थकबाकीला महिना साडेतीन टक्के लागतात. बारा महिन्यांचे बेचाळीस वाटतात, पण मिसळत गेले तर एक्कावन्न होतात. घरात असं कर्ज असेल तर कुठलीही योजना सुरू करायच्या आधी ते फेडा. माझा धंदा बचतीचा आहे, तरी हेच सांगते.

शेअर बाजाराबद्दल मला विचारतात. तो माझा प्रांत नाही, पण आकडे सगळ्यांसमोर आहेत. सेन्सेक्स १९७८-७९ साली १०० होता असं धरून मोजतात आणि जुलै २०२४ मध्ये त्याने ऐंशी हजार ओलांडले. पंचेचाळीस वर्षांत आठशे पट, म्हणजे वर्षाला सोळा टक्क्यांच्या आसपास चक्रवाढ. वाढ मोठी आहे, यात शंका नाही. पण जाहिरातीतली गुळगुळीत रेषा बघून कुणी समजू नये की प्रत्येक वर्षी सोळा आले. जानेवारी २००८ मध्ये एकवीस हजारांवर असलेला हाच निर्देशांक त्याच ऑक्टोबरमध्ये साडेआठ हजारांच्या आसपास होता. ज्याला त्या महिन्यात मुलीच्या लग्नासाठी पैसे काढावे लागले असतील त्याला पंचेचाळीस वर्षांची सरासरी सांगून काय उपयोग?

ठरावीक दराच्या योजनेतही एक गळती असते, ती कराची. तिचा हिशोब क्वचितच कुणी मांडतं. वीस टक्के कराच्या टप्प्यात असाल आणि दर वर्षीच्या व्याजातूनच कर भरत असाल तर साडेसातचे हातात सहा राहतात. सहा टक्क्यांनी लाखाचे तीस वर्षांत ५,७४,३४९ होतात, ८,७५,४९६ नव्हे. कर वीस टक्के, पण वाढ एकोणचाळीस टक्क्यांनी कमी. कारण गेलेल्या प्रत्येक रुपयाबरोबर त्याचं पुढचं सगळं व्याजही जातं.

म्हणून ज्याला जमेल त्याने पीपीएफचं, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं, खातं काढावं, असं मी सांगते. त्याच्या व्याजावर कर नाही. २०११ च्या डिसेंबरपासून एजंटाला त्यावर कमिशनही नाही, त्यामुळे कुणी मागे लागून ते काढायला लावत नाही. दर २०२० पासून ७.१ टक्के. वर्षाला बारा हजार, तेही ५ एप्रिलच्या आत भरले, तर पंधरा वर्षांनी ३,२५,४५७ होतात. तेच बारा हजार दर वर्षी मार्चअखेरीला, कर वाचवायच्या घाईत भरले, तर ३,०३,८८१. साडेएकवीस हजारांचा फरक फक्त तारखेचा. महिन्याच्या ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असते तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात, म्हणून तारीख महत्त्वाची.

आणि पंधरा वर्षं झाली की लोक खातं बंद करायला येतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. एप्रिलात भरणाऱ्याचा हिशोब पुढे नेऊन बघा. पंधरा वर्षांत भरले १,८०,०००, व्याज मिळालं १,४५,४५७. खातं पाच वर्षांनी वाढवलं आणि बारा हजार भरणं चालू ठेवलं तर विसाव्या वर्षी ५,३२,६६३ होतात. मधल्या पाच वर्षांत साठ हजार भरले, व्याज आलं १,४७,२०६. पहिल्या पंधरा वर्षांत मिळून जेवढं व्याज आलं त्याहून जास्त या पाचांत. लग्न, शिक्षण, घर अशी गरज असेल तर पैसे काढायलाच हवेत, ते त्यासाठीच साठवलेले असतात. पण नुसतं मुदत संपली म्हणून काढू नका.

ज्या आर्थिक वर्षात खातं उघडलं ते वर्ष संपल्यावर पुढे पंधरा वर्षं मोजायची, ती मुदतीची तारीख. पैसे न भरता खातं तसंच ठेवलं तरी शिलकीवर व्याज चालू राहतं. भरणंही चालू ठेवायचं असेल तर मात्र मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत मुदतवाढीचा अर्ज द्यावा लागतो. घरातलं पासबुक काढून पहिल्या पानावरची तारीख आजच बघून ठेवा.